कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावरच्या समाध्या: डिसेंबरआधी जाऊ नका

पाऊस थांबला की घाट मोकळा, या समजुतीवर विसंबून ऑक्टोबरात जाल तर फसाल. पूर ओसरला तरी पायऱ्यांवर गाळ राहतो. वरून तो वाळून तडकलेला दिसतो, पण आत ओला असतो आणि पायरीची कड त्याखाली झाकलेली असते. पाय सरकतो तो तिथेच. छत्रपती घराण्याच्या समाध्या नेमक्या याच नदीकाठच्या पट्ट्यात आहेत. चप्पल अजिबात नको. मागे पट्टा असलेली रबरी तळाची सँडल घाला, हातात काठी ठेवा, पाऊल सपाट टाका आणि उतरताना तिरके उतरा.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी पाहूनच निघा. इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, पण त्या आकड्यांवर घाटाचा अंदाज बांधू नका. खालच्या पायऱ्या, लहान देवळे आणि दीपमाळा त्याच्या कितीतरी आधी पाण्यात गेलेल्या असतात.

वाट सोपी आहे: महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश, शुक्रवार पेठ. अंबाबाई मंदिराजवळून रिक्षा करून जादा पैसे मोजण्याची गरजच नाही, पायी वीस-पंचवीस मिनिटे लागतात.

जाण्याआधी थोडा इतिहास पक्का करा, कारण कोणती समाधी कोणाची हे नुसते दगड पाहून कळत नाही. राजधानी पन्हाळ्याहून कोल्हापुरात आली 1782 मध्ये, म्हणून त्याआधीच्या कोल्हापूरच्या राणी जिजाबाईंची (शिवरायांच्या मातोश्री नव्हेत) समाधी पन्हाळ्यावर. महाराणी ताराबाईंची साताऱ्याजवळ संगम माहुलीला. ती शोधत घाटभर फिरू नका. दुसरे राजाराम महाराज 1870 मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला वारले. त्यांचे दहन आर्नो नदीकाठी झाले आणि छत्रीही तिथेच उभी आहे. शाहू महाराजांचे समाधिस्थळ नर्सरी बागेत आहे. ते नीटनेटके आणि सोपे, कधीही जा.

शेजारच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1945-46 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केले, सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. आज टेकडीवर त्यातले काही दिसत नाही, चढ वाया जातो. तिथे सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती टाउन हॉल म्युझियममध्ये आहे, ती चुकवू नका.

घाटालगतची स्मशानभूमी रोजच्या वापरातली आहे. शेणी (गोवऱ्या) रचलेल्या दिसल्या की मोबाइल खिशात ठेवा. महापालिका इथे अंत्यसंस्कार मोफत करते आणि होळीला लोक शेणी दान देतात. फिरायला आलेल्यांनाही द्यायच्या असतील तर तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा.