रक्तचंदनाची बाहुली आणि मावशीचा दैयड

बडोद्यात तीन दिवस होते. पहिल्या दिवशी राजवाडा पाहिला, सेव उसळ खाल्ली आणि संध्याकाळी पायऱ्या उतरताना घोटा मुरगळला. उरलेले दोन दिवस दांडिया बाजारात, मावशीच्या मागच्या अंगणात झोपाळ्यावर गेले. कमाटी बाग राहिली, पण त्याचं वाईट वाटत नाही.

सकाळी मावशीने सहाण आणि रक्तचंदनाची बाहुली काढली. तिच्या आजीची ही बाहुली. नाकडोळे कधीच गेलेत, पायाकडून झिजत झिजत बोटभर उरली आहे. चार थेंब पाणी घालून मावशी उगाळू लागली आणि सहाणेवर विटकरी गंध जमू लागलं. तेवढ्यात भिंतीवर दयाळ येऊन बसला. काळाभोर, पंखावर पांढरा पट्टा, शेपटी ताठ.

"हा आमचा दैयड," मावशी म्हणाली. बडोद्याची मराठी ती, पाखरांची नावं गुजराती. "पाइपाजवळच्या भोकात घरटं आहे. चैत्र लागला की उजाडायच्या आधीपासून गातो."

दयाळ खरा झाडाच्या ढोलीत राहणारा. ढोली नसली तर भिंतीतलं भोकही त्याला पुरतं, म्हणून तो इथपासून इंडोनेशियापर्यंत आहे. रक्तचंदन मात्र रानात आपसूक उगवतं ते आंध्रातल्या शेषाचलमच्या आणि आसपासच्या डोंगरांतच. लाल गाभा भरायला वर्षानुवर्षं लागतात आणि तोडचोरांना एक रात्र पुरते. १९९५ पासून त्याच्या परदेशी व्यापारावर साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचं बंधन आहे, तरी आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ते संकटग्रस्त आहे. त्याच यादीत दयाळाची काही चिंता नाही.

हे वाचलेलं होतं. पण घोट्यावर तो गार लेप बसला तेव्हा जाणवलं, चार पिढ्या आम्ही या झाडाचा तुकडा उगाळतोय आणि उभं झाड आमच्यात कुणीही पाहिलेलं नाही. मावशीला विचारलं.

"झाड? मी बाहुलीच बघत आले रे."

मग मी पुस्तकातलं सांगितलं. शेंग गोल, चपटी, भोवती पातळ पंख, वाऱ्याबरोबर जाते. पंख म्हटल्यावर तिने भिंतीकडे पाहिलं. दयाळ अजून गात होता.

लेप सुकून कातडी ताणू लागली. मावशीने बाहुली पुसली, मऊ फडक्यात गुंडाळली आणि देवघरात ठेवली.

"आता ही फक्त लहान मुलांना," ती म्हणाली. "तुला उद्यापासून आंबेहळद."