फाईलमधली जुनी सीडी : माझा अनुभव

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन मला आता दोन वर्षे झाली. पाच वर्षांपर्यंत ठरावीक अंतराने रक्तातील सीईए (हा कर्करोग परतल्यास वाढू शकणारे एक प्रथिन) तपासायचे आणि वर्षातून एकदा छाती व पोटाचा कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावे म्हणून शिरेतून औषध देऊन केलेला) सीटी स्कॅन करून घ्यायचा, असे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगून ठेवले होते. त्यातील दुसरा स्कॅन गेल्या महिन्यात पुण्यात झाला.

पहिल्या वर्षीचा स्कॅन मी साताऱ्यातच करून घेतला होता. जाताना फक्त डॉक्टरांची चिठ्ठी नेली. शस्त्रक्रियेपूर्वीच्या स्कॅनची सीडी घरी कपाटात राहिली आणि ती आणली आहे का, असे तेथे मला कोणी विचारले नाही. रिपोर्टात लिहून आले की उजव्या फुफ्फुसात ५ मिलिमीटरची एक बारीक गाठ दिसते, तुलनेसाठी पूर्वीचा स्कॅन उपलब्ध नाही. डॉक्टरांची वेळ आठ दिवसांनंतरची होती. ते आठ दिवस आम्ही दोघांनी कसे काढले, हे आजही सांगवत नाही; पत्नी रात्री उठून देवघरापाशी बसायची आणि मी झोपल्याचे दाखवत पडून राहायचो. डॉक्टरांनी जुनी सीडी संगणकात घातली, दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लावली आणि तोच ठिपका, त्याच जागी, तेवढ्याच आकाराचा दाखवला. तो शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच तेथे होता. त्या वेळच्या रिपोर्टात त्याची नोंद झाली नव्हती, एवढेच.

म्हणून या वेळी मी सर्वांत आधी फाईल लावली. दोन्ही सीडी, त्यांचे रिपोर्ट, शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा अहवाल आणि आठवड्याच्या आत केलेली क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे सांगणारी रक्ततपासणी. शिरेतून दिले जाणारे आयोडीनयुक्त औषध मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडत असल्याने क्रिएटिनिन पाहिल्याशिवाय कॉन्ट्रास्ट देत नाहीत. मला मधुमेह आहे. त्यासाठीची मेटफॉर्मिनची गोळी स्कॅनच्या दिवसापासून थांबवून, दोन दिवसांनी क्रिएटिनिन पुन्हा पाहून मगच सुरू करायची, असे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिले होते. आदल्या दिवशीच एसटीने स्वारगेटला उतरून बहिणीकडे मुक्काम केला, कारण सकाळी उपाशीपोटी प्रवास करणे मला झेपत नाही.

काउंटरवर संमतिपत्र भरताना दमा आहे का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का, पूर्वी कॉन्ट्रास्ट घेतल्यावर पुरळ किंवा उलटी झाली होती का, असे सारे विचारले. हे प्रश्न उरकण्यासाठी नसतात, प्रत्येकाचे उत्तर नीट आठवून द्यावे. मग दीड लिटर औषधमिश्रित पाणी तासाभरात थोडे थोडे करून प्यायला दिले. ते किंचित गोडसर लागते, आणि शेवटचे दोन ग्लास घशाखाली उतरवणे कठीण जाते. आतडी भरलेली असली तरच त्यांची भिंत चित्रात स्पष्ट दिसते, असे सिस्टरांनी समजावून सांगितल्यामुळे मी ते संपवले.

केमोथेरपीमुळे माझ्या शिरा आकसल्या आहेत. सिस्टरांनी डाव्या हाताला गरम पाण्याची पिशवी धरायला लावली, कोपराच्या आतल्या बाजूला बोटाने चाचपत बराच वेळ शोधले आणि पहिल्याच प्रयत्नात इंट्राकॅथ, म्हणजे औषध देण्याची बारीक नळी, शिरेत बसवले. “काका, औषध जोरात जाईल, हात हलवू नका, दुखलं किंवा फुगलं तर लगेच ओरडून सांगा,” असे त्यांनी बजावले. त्यांच्या हाताचा तो धीर मला फार मोलाचा वाटला.

आत टेबलावर हात डोक्यामागे घेऊन झोपवले. यंत्रातून ध्वनिमुद्रित आवाज येतो : साँस लीजिए, साँस रोकिए. औषध शिरेत शिरताच घशापासून ओटीपोटापर्यंत उष्णतेची लाट उतरते, तोंडात धातूसारखी चव येते आणि कपड्यातच लघवी झाली की काय, असे क्षणभर वाटते. तसे काही झालेले नसते आणि अर्ध्या मिनिटात सारे निवळते, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला हे कोणी आधी सांगितले नाही, तर तो घाबरून हलतो आणि चित्र बिघडते. औषध सुरू झाल्यावर साधारण ७० सेकंदांनी यकृताची चित्रे घेतात, कारण त्या वेळी निरोगी यकृत उजळते आणि त्यातला रोगाचा डाग गडद उठून दिसतो. प्रत्यक्ष स्कॅन काही मिनिटांतच आटोपला. नंतर अर्धा तास तेथेच बसवून ठेवले, मग इंट्राकॅथ काढले आणि दिवसभर भरपूर पाणी पिण्यास सांगितले. पोटातल्या औषधाने संध्याकाळपर्यंत जुलाब होतात, त्यामुळे त्याच दिवशी परतीचा प्रवास केला नाही, हे बरे झाले.

निघताना मी दोन्ही जुन्या सीडी टेक्निशियनच्या हाती दिल्या आणि रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांनी त्या पाहाव्यात, अशी विनंती केली. त्यांनी त्या संगणकात उतरवून घेतल्या आणि पावतीवर तशी नोंदही केली.

दुसऱ्या दिवशी मिळालेल्या रिपोर्टात गाठीचा उल्लेख होताच. पण त्याच वाक्यात पुढे, आधीच्या दोन्ही स्कॅनशी तुलना करता तिच्या आकारात बदल नाही, असेही लिहिले होते. यकृत स्वच्छ होते. बहिणीच्या ओसरीवरूनच मी पत्नीला फोन लावला आणि ते वाक्य तिला दोनदा वाचून दाखवले.