कबड्डीच्या संघात विश्लेषक व्हायचंय? मग ऑनलाइन ओळखी अशा जमवा

प्रो कबड्डीत बारा संघ आहेत आणि व्हिडिओ विश्लेषणाचं काम बहुतेक संघांत एखाददुसराच माणूस सांभाळतो. म्हणजे देशभरात या जागा मूठभरच. त्यांची जाहिरात क्वचित निघते. हंगाम तोंडावर आला की प्रशिक्षक किंवा संघ व्यवस्थापक आपल्या माहितीतल्या दोघा-तिघांना फोन लावतो आणि तिथेच विषय संपतो. त्या दोघा-तिघांत आपलं नाव यावं म्हणून वशिला शोधत फिरण्यात अर्थ नाही. तुमचं काम त्या माणसाच्या नजरेखालून आधीच गेलेलं असायला हवं. सांगली, रत्नागिरी किंवा जळगावात बसूनही हे करता येतं.

त्यामुळे प्रोफाइलच्या आधी कामाचा नमुना तयार करा. रिकाम्या प्रोफाइलवरून दोनशे जणांना विनंत्या धाडल्या, तर बघणारा एकदाच बघतो आणि पुन्हा फिरकत नाही.

नमुन्यासाठी एकच संघ किंवा एकच चढाईपटू निवडा आणि त्याचे दहा सामने घ्या. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि तीस सेकंदांची चढाई, या हिशेबाने एका सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून ऐंशीच्या आसपास किंवा त्याहून जास्त चढाया होतात. साध्या एक्सेलमध्ये प्रत्येक चढाईची एक ओळ करा: डाव, वेळ, गुणफलक, चढाईपटू, समोर किती बचावपटू, सलग कितवी रिकामी (गुण न मिळालेली) चढाई, कोणत्या बाजूने आत शिरला, निकाल, पकड कुणी केली आणि कशी (घोट्याला, मांडीला, वाट अडवून म्हणजे ब्लॉक, की धडक देऊन म्हणजे डॅश). पहिल्या सामन्याला तीन-चार तास लागतील, पुढे हात बसतो. किनोव्हिया हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि व्हिडिओ सावकाश पुढे-मागे करायला पुरेसं आहे.

इथे जवळजवळ सगळे नवखे एकाच ठिकाणी चुकतात, ते म्हणजे डावं-उजवं. ‘डावा कोपरारक्षक’ हे नाव बचाव करणाऱ्या संघाच्या बाजूने ठरतं, म्हणजे चढाईपटूच्या दृष्टीने तो उजवीकडे असतो. शिवाय मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, कॅमेरा मात्र जागचा हलत नाही. स्क्रीनवर दिसतं तसं लिहीत गेलात, तर दुसऱ्या डावाची सगळी नोंद उलटी पडते. प्रशिक्षकाच्या हे पहिल्याच मिनिटाला लक्षात येतं, कारण कोणता खेळाडू कुठे उभा राहतो हे त्याला झोपेतही माहीत असतं. म्हणून वरच्या ओळीतच लिहून ठेवा: ‘सर्व बाजू बचावपटूच्या दृष्टीने’.

दुसरी चूक टक्केवारीची. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. दहा सामन्यांत एका चढाईपटूच्या अशा तिसऱ्या, म्हणजे ‘करो या मरो’ चढाया वीस-बावीसच भरतील. तिथे ‘४१ टक्के यश’ असं लिहिलंत, की समोरून हमखास प्रश्न येतो, ‘किती पैकी?’ सरळ ‘२२ पैकी ९’ लिहा. आणि एकच प्रश्न धरून ठेवा. समोर तीन किंवा कमी बचावपटू असताना चढाईपटू पकडला गेला, की बचाव करणाऱ्या संघाला अव्वल पकडीचा (सुपर टॅकल) एक जादा गुण मिळतो. अशा वेळी हा चढाईपटू आत शिरतो की रेषेजवळ रेंगाळतो, पकडला जातो तेव्हा कुठल्या कोपऱ्यात, इतकंच दोन पानांत दाखवा. वीस पानांचा अहवाल कुणी उघडत नाही.

प्रक्षेपणातल्या क्लिप कापून टाकण्याचा मोह होतो, तो टाळा. हक्क प्रक्षेपकाचे आणि लीगचे असतात. यूट्यूबवर ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आले की चॅनेल बंद होऊ शकतं आणि वर्षभराचं काम पुसलं जातं. त्याऐवजी १३ बाय १० मीटरचं मैदान मापात काढा. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. त्यावर बाण आणि ठिपके. हे चित्र मोबाइलवर क्लिपपेक्षा लवकर कळतं, आणि ते तुमचं स्वतःचं असतं. व्हिडिओ हवाच असेल, तर गावातली स्पर्धा आयोजकांची परवानगी घेऊन स्वतः चित्रित करा. खेळाडू अठराच्या आतले असतील तर पालकांना विचारल्याशिवाय काहीही टाकू नका.

आता प्रोफाइल. लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीत २२० अक्षरं मावतात. तिथे ‘क्रीडाप्रेमी’ लिहून काही साधत नाही, कारण त्या शब्दाने कुणी माणूस शोधत नाही. ‘कबड्डी व्हिडिओ ॲनालिस्ट, रेड अँड टॅकल टॅगिंग, पुणे’ अशी कामाची ओळ इंग्रजीत लिहा, शोध बहुधा इंग्रजीतच होतो. प्रोफाइलवरच्या ‘फीचर्ड’ विभागात ती दोन पानांची पीडीएफ लावा. ड्राइव्हची लिंक देणार असाल, तर दुसऱ्या फोनवरून, लॉग-इन न करता उघडून बघा. ‘परवानगी मागा’ अशी पाटी दिसली की समोरचा तिथेच सोडून देतो. कबड्डीतले खेळाडू आणि प्रशिक्षक इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवरच जास्त भेटतात. लिंक्डइनवर भेटतात ती संघमालक कंपन्यांची, आयोजनाची आणि प्रक्षेपणाची माणसं. दोन्हीकडे एकच फोटो, एकच नाव ठेवा.

विनंती कुणाला पाठवायची? मुख्य प्रशिक्षक किंवा स्टार खेळाडूपासून सुरुवात करू नका. तुमच्याहून एक-दोन पायऱ्या वर असलेली माणसं शोधा: सहायक प्रशिक्षक, फिजिओ, ट्रेनर, सध्याचे विश्लेषक, जिल्हा संघटनेच्या स्पर्धांचे तांत्रिक अधिकारी. फिजिओ आणि ट्रेनर एका हंगामात कबड्डीत तर पुढच्या हंगामात दुसऱ्या खेळात असतात, त्यामुळे त्यांच्या ओळखी दूरवर पोचतात. आठवड्याला पाच जण पुरे, पण प्रत्येकाचं काम आधी वाचून.

विनंतीसोबतची टीप दोनशे अक्षरांत बसवा. मोफत खात्यात अशा टिपा महिन्याला मोजक्याच मिळतात, तेव्हा त्या जपून वापरा. नमुना असा:

‘नमस्कार सर, तुमच्या संघाच्या दहा सामन्यांतल्या तिसऱ्या चढायांची नोंद केली आहे. डाव्या कोपऱ्याबाबत एक गोष्ट दिसली. दोन पानं आहेत, पाठवू का?’

यात नोकरीचा शब्द नाही आणि उत्तर एका अक्षरात देता येतं. प्रशिक्षकांना ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणा. खेळाडूंना ‘दादा’, ‘ताई’ चालतं, पण पहिल्या निरोपात नको. उत्तर नाही आलं तर दहा-बारा दिवसांनी एकदाच आठवण करा, तीही नवीन काही हाती असेल तर. फोन नंबर मिळाला म्हणून थेट कॉल करू नका, सराव आणि प्रवासात या लोकांना फोन नकोसा होतो.

वेळ चुकली तर चांगला निरोपही वाया जातो. प्रो कबड्डीचा अकरावा हंगाम १८ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाला आणि त्याचा खेळाडूंचा लिलाव ऑगस्टमध्ये मुंबईत झाला होता. बारावा हंगाम २९ ऑगस्ट २०२५ लाच सुरू झाला आणि लिलाव ३१ मे व १ जूनला उरकला होता. म्हणजे आदल्या वर्षीचं कॅलेंडर धरून बसलेला माणूस अडीच महिने उशिरा पोचला. लिलावाची तारीख जाहीर झाली की त्याआधीचे सहा आठवडे तुमचे. त्या काळात संघांना खेळाडूंची माहिती हवी असते, तेव्हा दोन पानं उघडली जातात. हंगाम चालू असताना फक्त चांगल्या खेळाबद्दल एखादी मुद्द्याची प्रतिक्रिया लिहा, काही मागू नका.

कुणी ‘संघात घेतो, आधी नोंदणी फी भरा’ म्हणाला, तर तो फसवणारा आहे हे धरून चला. टेलिग्रामवर असे पुष्कळ.

आणि एकदा संघाच्या आत पाऊल पडलं, की आणखी एक प्रकारची माणसं ओळख काढत येतात. सुरुवात कौतुकाने होते, मग ‘आज कोण खेळणार?’, ‘अमक्याचा गुडघा कसा आहे?’ असे साधे वाटणारे प्रश्न. मागे सट्टेबाजी असते. क्रिकेटमध्ये आयसीसीच्या भ्रष्टाचारविरोधी नियमांखाली आतली माहिती सट्ट्यासाठी देणं हा गुन्हा आहे, आणि गैरप्रकारासाठी कुणी गाठलं हे लपवून ठेवणं हाही. हे नियम खेळाडूंइतकेच सहायक कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत. खेळ कोणताही असो, वागणं हेच ठेवा. असा निरोप आला की उत्तर न देता स्क्रीनशॉट काढा, खोडू नका आणि त्याच दिवशी संघ व्यवस्थापकाला दाखवा. करार झाल्यावर जुन्या पोस्टही एकदा चाळा: सरावाचा फोटो, मागे फळ्यावर लिहिलेली सात जणांची यादी, एवढंही पुरेसं असतं.