थेंबाची नोंदवही, पान ४ : डावीकडे पळालेला थेंब

मी कॉम्प्युटरवर पाण्याच्या थेंबाचं सिम्युलेशन लिहितोय. मागच्या खेपेला सगळीकडे सारख्या भिंतीवर (म्हणजे थेंब बसतो त्या पृष्ठभागावर) थेंब नीट बसला होता. या वेळी भिंतीचं डावं टोक पाणी झटकणारं आणि उजवं पाणी धरणारं केलं. थेंबाने उजवीकडे सरकायला हवं. आमचे चिरंजीव डावीकडे निघाले.

मांडणी अशी : लॅटिस बोल्ट्झमन (चौकटीच्या घराघरांतून कणांचे गठ्ठे सरकवून द्रवाचा प्रवाह काढायची रीत), डी२क्यू९ (दोन मिती, नऊ दिशा), शान-चेन पद्धत (कणांना एकमेकांकडे ओढून द्रव नि वाफ वेगळी करणारी), जी = −५ (त्या ओढीचा जोर), टाऊ = १ (यावरून द्रवाचा चिकटपणा ठरतो), ग्रिड ४०० × १०० घरं, गुरुत्वाकर्षण बंद. एवढ्यात द्रवाची घनता १.९५ आणि वाफेची ०.१६ च्या आसपास स्थिरावते. फरक जेमतेम बारापट. खऱ्या पाण्या-हवेत तो आठशेपटीच्या वर. म्हणजे 'पाणी' हे आपलं कौतुकाने म्हणायचं. भिंतीलाही एक खोटी घनता द्यायची; ती द्रवाच्या जितकी जवळ, तितका थेंब पसरतो. ०.४ ला स्पर्शकोन (थेंबाची कड भिंतीशी करते तो कोन; मोठा कोन म्हणजे गोल थेंब) १२० अंशांच्या जवळ आला, १.१ ला ६० च्या. कोन काढायला उंची भागिले पायाची अर्धी रुंदी, त्याचा आर्कटॅन, गुणिले दोन. बस्स.

चिन्ह चुकलं असणार म्हणून दोन संध्याकाळी बळाचं फंक्शन उसवत बसलो. ते बरोबरच होतं. मग फ्रेम एकेक करून पाहिल्या, तर उजव्या कडेला द्रवाचं एक बोट उगवलेलं! बाउंडरी पिरिऑडिक, म्हणजे डावं टोक उजव्याला शिवलेलं. थेंबाची त्रिज्या ३०, केंद्रही ३० वर, त्यामुळे त्याची डावी कड नेमकी शिवणीवर. शिवणीपलीकडे सगळ्यात ओली भिंत. थेंबाने जवळची वाट धरली, चूक माझी.

आता भिंतीची घनता तंबूसारखी ठेवली आहे : ० ते २०० चढती, पुढे उतरती. शिवणीवर उडी नाही. केंद्र ८० वर ठेवलं, तर सिम्युलेशनच्या ४०,००० पावलांत थेंब १५० पर्यंत गेला. वेग मोजताना मात्र वेगाच्या चित्रावर विसंबू नका. शान-चेनमध्ये थेंबाच्या कडेला जे खोटे भोवरे फिरतात, ते थेंबाच्या स्वतःच्या वेगाहून मोठे निघाले. वस्तुमानकेंद्र किती सरकलं तेवढंच धरा.

हाच प्रयोग मनोज चौधरी आणि जॉर्ज व्हाइटसाइड्स या शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये खऱ्या सिलिकॉनच्या चकतीवर केला होता आणि १५ अंशांच्या चढावर पाणी वर चढवलं होतं. खऱ्या पृष्ठभागावर खाचाखोचा नि डाग थेंबाला अडवून धरतात, तो अडसर कमी ठेवणं हीच त्यांची खरी करामत. माझी भिंत अतिगुळगुळीत असल्याने मला तो त्रासच नाही, आणि म्हणून फुशारकीही नाही.

रविवारी अळूवड्यांसाठी पानं आणली होती. एकावर ड्रॉपरने थेंब सोडला : मोत्यासारखा गोल, जरा कलतं केलं की घरंगळला. हा कोन १५० च्या पुढचा. कोडमध्ये तो गाठायला भिंत ०.२ केली, तर थेंब भिंत सोडून अधांतरी लटकला. पानाचा एक कोपरा अंगठ्याने चोळला, वरचं मेण गेलं, आणि तिथे थेंब चिकटून बसला. पान उलटं केलं तरी पडेना.

पुढच्या पानात तो अंगठा कोडमध्ये आणतो : झटकणाऱ्या भिंतीवर २० घरांचा एक चोळलेला डाग.