कांदाचाळ, आवृत्ती तिसरी: सडीचं गणित कवड्यांवर बसवताना

'कांदाचाळ' या घरी बनवलेल्या, टेबलावर खेळायच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतला लिलाव काढून टाकला आहे आणि साठवलेल्या कांद्याची सड ठरवणारा फासाही. दोन्हींच्या जागी काय आलं, ते कसं चालतं आणि अजून कुठे अडतं, याची ही नोंद. घरी खेळ बनवणाऱ्यांना यातली सडीची रचना दुसऱ्या कुठल्याही 'ठेवू की विकू' प्रकारच्या खेळात उचलता येईल, म्हणून तीच जास्त तपशिलात लिहिली आहे.

आधी खेळ थोडक्यात. ३ ते ५ खेळाडू, वय आठच्या पुढे, वेळ पाऊण तास. प्रत्येकाकडे उन्हाळ कांद्याने भरलेली एक चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर जागा: चार खण, प्रत्येक खणात चार बटणं, एकूण १६. एक बटण म्हणजे दहा क्विंटल. एप्रिल ते ऑक्टोबर असे सात महिने म्हणजे सात फेऱ्या. दर महिन्याला शून्य ते तीन बटणं बाजारात न्यायची. तीनच का, तर ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत साधारण तेवढाच माल बसतो. ऑक्टोबरनंतर चाळीत जे उरेल त्याला शून्य. ज्याच्या नावावर पैसे जास्त, तो जिंकला.

लिलाव का काढला? लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारावरचा खेळ आणि त्यात बोली नाही, हे कानाला विचित्र वाटतं. पण हिशेब करा. पाच खेळाडू, सात महिने, प्रत्येकाचं एक वाहन: ३५ लिलाव. एकाला दीड मिनिट धरलं तरी बावन्न मिनिटं निव्वळ बोलीत जातात. त्याहून मोठी अडचण अशी, की महिन्याचा भाव फलकावर उघडा असल्यामुळे मालाची किंमत सगळ्यांना सारखीच कळते, आणि बोली दर वेळी त्याच आकड्याला येऊन थांबते. रायनर क्निझियाच्या १९९२ च्या 'मॉडर्न आर्ट'मध्ये लिलाव हाच सगळा खेळ आहे आणि तो रंगतो, कारण चित्राची किंमत फेरी संपेपर्यंत पक्की नसते. ती खेळाडूंच्याच खरेदीतून ठरते. किमतीबद्दल शंका नसेल तर लिलाव म्हणजे नुसती आकडेमोड.

म्हणून आता मूठ आहे. सगळे जण टेबलाखाली मुठीत बटणं धरतात, मुठी एकदम पुढे येतात, एकदम उघडतात. सगळ्यांची बेरीज ही त्या महिन्याची आवक. आवक खेळाडूंच्या संख्येइतकी असेल तर महिन्याच्या पत्त्यावरचा भाव जसाच्या तसा. त्यापेक्षा जास्त आलेल्या प्रत्येक बटणामागे भाव एकाने उतरतो, कमी पडलेल्या प्रत्येक बटणामागे एकाने चढतो. भाव शंभराच्या हिशेबात आहे. १४ म्हणजे क्विंटलला १४०० रुपये. उदाहरणार्थ, चौघांत जुलैचा भाव १४ निघाला आणि मुठींत ३, २, ०, २ बटणं होती. आवक ७, चारपेक्षा तीन जास्त, म्हणून भाव ११. तीन नेणाऱ्याला ३३ मिळाले, शून्यवाला गप्प बसला. भाव ३ च्या खाली जात नाही. ही मर्यादा नसेल तर पाच खेळाडूंनी एप्रिलमध्ये प्रत्येकी तीन आणली की आकडा शून्यावर किंवा त्याच्याही खाली जातो.

मुठीत एक खोच आहे. बटणं स्वतःच्या चाळीतून उचलून मुठीत घेतली तर समोरच्याला आकडा दिसतो. म्हणून प्रत्येकाला मुठीसाठी वेगळी तीन बटणं द्यायची, आणि मूठ उघडल्यावर तेवढीच चाळीतून काढायची. कुठल्या खणातून काढायची हे भाव कळल्यानंतर ठरवायचं. पुढची सगळी चुरस या निवडीतून येते.

आता सड. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर या चार महिन्यांच्या शेवटी चार कवड्या एकदाच टाकायच्या, सगळ्या टेबलासाठी मिळून. तोंड वर पडलेल्या कवड्या मोजायच्या. ज्या खणात त्या आकड्यापेक्षा जास्त बटणं असतील, त्या खणातलं एक बटण सडलं. नियम एवढाच. आकडा दोन आला तर तीन आणि चार बटणांचे खण एकेक गमावतात. दोन आणि एकचे खण सुटतात.

दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक जण आपापला फासा टाकायचा आणि जितके ठिपके तितकं नुकसान, असं होतं. त्यात वाईट फासा पडला की खेळाडूच्या हातात काही राहत नव्हतं. कवडी सगळ्यांसाठी एकच असल्यामुळे नशीब सारखं, नुकसान वेगळं. आणि ते वेगळेपण चाळ कशी भरली यातून येतं. खऱ्या चाळीतही थर जितका उंच तितकी खालच्या कांद्याला हवा कमी, आणि पावसाळी दमटपणात सड तिथूनच धरते. नियम मालाच्या स्वभावाशी जुळला की वेगळा समजावून सांगावा लागत नाही. निफाड-चांदवडकडच्या पाहुण्यांना तो एका वाक्यात कळतो.

चार कवड्या तोंड वर आणि तोंड खाली सारख्याच पडतात असं धरलं, तर एका टाकात चार बटणांचा खण सडण्याची शक्यता १६ पैकी १५, तीनचा १६ पैकी ११, दोनचा १६ पैकी ५ आणि एकट्या बटणाची १६ पैकी फक्त १. आता पुढचा हिशेब बघा. काहीही न विकता १६ बटणं चारही टाकांतून नेली तर सरासरी ६.४ उरतात. आठ विकून उरलेली आठ प्रत्येक खणात दोन अशी ठेवली तर सरासरी ४.५ उरतात. म्हणजे वरची आठ बटणं साठवून शेवटी हाती येतात जेमतेम दोन. भावाचे पत्ते याच आकड्यांवरून बेतले आहेत. प्रत्येक महिन्याचे तीन पत्ते, त्यातला एक उलटायचा:

एप्रिल ८, ९, १०. मे ९, १०, ११. जून ११, १२, १४. जुलै १२, १४, १६. ऑगस्ट १३, १६, २०. सप्टेंबर १४, १९, २४. ऑक्टोबर १०, २०, २८.

सगळा माल धरून ठेवणाऱ्याला एप्रिलच्या सरासरीची अडीच पट, म्हणजे २२ च्या वर भाव हवा. सप्टेंबरची सरासरी १९ आहे. अर्धा माल धरणाऱ्याला पावणेदोन पट पुरते, म्हणजे साधारण १६, आणि ती ऑगस्टपासून मिळते. ऑक्टोबरचे पत्ते मुद्दाम लांब-लांब ठेवले आहेत, कारण तेव्हा खरिपाचा लाल कांदा बाजारात यायला लागतो आणि तो लवकर येतो की पावसात अडकतो यावर जुन्या मालाचं सगळं अवलंबून असतं.

विक्रीनंतर, कवड्या पडण्याआधी, मालाची निवड करता येते: मजुरीचे २ मोजून कुठलीही दोन बटणं एका खणातून दुसऱ्यात. चार आणि शून्य असलेले खण दोन-दोन केले की दोघांतली मिळून अपेक्षित सड १६ पैकी १५ वरून १० वर येते. ऑगस्टच्या भावाने ही बचत पाचच्या आसपास. तीन आणि एक असतील तर फायदा फक्त १६ पैकी २, मजुरीपलीकडे काही उरत नाही. मजुरी १ ठेवली तर सगळे दर महिन्याला डोळे मिटून निवड करतात, ४ ठेवली तर कुणीच करत नाही.

कवड्यांबद्दल दोन सूचना. पंचवटीत पूजासाहित्याच्या दुकानांत मिळतात, पण कवडी नाणं नव्हे. पाठीच्या फुगवट्याप्रमाणे ती एका बाजूला जास्त पडते. तोंड वर पडण्याचं प्रमाण निम्म्याऐवजी चाळीस टक्के असेल तर दोन बटणांच्या खणाची सड १६ पैकी ५ वरून वाढून साडेसातच्या वर जाते आणि वरचं सगळं गणित कोसळतं. म्हणून चार कवड्या पन्नास वेळा टाका, तोंड वर पडलेल्या मोजा. दोनशेपैकी ९० ते ११० च्या मधे आकडा आला तर त्या चालतील, नाहीतर एखादी बदला. कटकट नको असेल तर रुपयाची चार नाणी. पण कवड्यांचा आवाज आणि हातात खुळखुळवण्याची मजा नाण्यांना नाही, हे मान्य करावंच लागतं.

दुसरी सूचना अष्टचंग खेळलेल्या आजी-आजोबांसाठी. चारही कवड्या पालथ्या म्हणजे त्यांच्या लेखी आठ, सर्वांत मोठं दान. इथे ते शून्य आहे आणि सगळ्या खणांत सड लागते. आठ धरण्याचा मोह होतो, पण तसं केलं तर एकट्या बटणाला कधीच धोका उरत नाही आणि चार बटणं राहिलेला माणूस ऑक्टोबरपर्यंत निर्धास्त बसतो. शून्य ते शून्यच ठेवा आणि पहिल्या टाकाआधी मोठ्यांना स्पष्ट सांगा.

चर्चेचे पत्ते १५ आहेत. जून ते सप्टेंबर, दर महिन्याच्या सुरुवातीला एक पत्ता उघडा: 'निर्यातशुल्क लागणार', 'निर्यातबंदी येणार', 'शुल्क हटणार', 'नाफेडची खरेदी सुरू' वगैरे. महिनाअखेरीच्या त्याच कवड्यांत दोन किंवा जास्त तोंडं वर आली तर चर्चा खरी, आणि पुढच्या महिन्याच्या भावात फरक: शुल्क उणे ३, बंदी उणे ६, शुल्क हटलं अधिक ४, नाफेड अधिक २. एकाच टाकावर दोन्ही ठेवल्याने चांगला ताण तयार होतो. ज्या टाकात सड कमी त्याच टाकात बातमी खरी ठरते. पत्ते हवेतून आलेले नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ८ डिसेंबर २०२३ पासून बंदी, ४ मे २०२४ ला बंदी उठली पण टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्कासह, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण गेलं. मूठ झाकल्यानंतर पत्ता उलटायची पद्धतही करून पाहिली आहे. ती वास्तवाला जास्त जवळ आहे, पण टेबलावर नुसती चिडचिड होते, म्हणून एक महिना आधी चर्चा दाखवणंच ठेवलं.

साहित्य. बटणं शर्टाची, ११ ते १२ मिलिमीटरची, शिवणसाहित्याच्या दुकानात ग्रोसने, म्हणजे १४४ च्या हिशेबाने, मिळतात; त्यापैकी ८० चाळींना, १५ मुठींना, बाकी हरवण्यासाठी. १५ मिलिमीटरची घेऊ नका, लहान मुलांच्या मुठीतून तिसरं बाहेर डोकावतं. बटणं एकावर एक रचली तर घसरतात, म्हणून खण हा चार गोलांचा उभा स्तंभ काढा, खोली एका नजरेत दिसते.

पत्ते ६३ बाय ८८ मिलिमीटर, कागद ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम). चारही बाजूंना ३ मिलिमीटर जास्तीची छपाई धरली तर ६९ बाय ९४, आणि १२ बाय १८ इंची शीटवर तीन बाय सहा म्हणजे १८ बसतात. २१ भावाचे, १५ चर्चेचे, ३६ पत्ते, बरोबर दोन शीट. पाठीला चौकट देऊ नका. पुढची-मागची छपाई एक-दीड मिलिमीटर सरकतेच, आणि चौकट असली की ते लगेच दिसतं. लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी करा. एकाच बाजूने केलं तर नाशिकच्या जुलैमधल्या दमट हवेत उघडी बाजू ओलावा पिते आणि पत्ता वाटीसारखा वळतो.

चाळीचा तक्ता ए-पाच आकाराचा, २ मिलिमीटर ग्रे बोर्डवर. फेव्हिकॉलने कागद ओला होऊन फुगतो, वाळताना आखडतो आणि पुठ्ठा ओढतो. मागच्या बाजूलाही तसाच साधा कागद चिकटवला की ओढ दोन्हीकडून सारखी होते. रात्रभर जड पुस्तकांखाली, पावसाळ्यात दोन रात्री. कापताना स्टीलची पट्टी आणि हलक्या हाताने सात-आठ फेऱ्या. एकाच जोरात कापायला गेलं की पातं आत तिरकं जातं आणि कडा फाटते.

अडलेलं काम दोन ठिकाणी आहे. दोघांत खेळ सपक होतो, कारण आवक फक्त शून्य ते सहा आणि समोरच्याची मूठ दोन-तीन फेऱ्यांत ओळखता येते. सध्या 'इतर गावांची आवक' म्हणून मुठी उघडल्यावर दोन कवड्या टाकतो, तोंड वर तितकी बटणं आवकेत मिळवतो आणि भाव जसाच्या तसा ठेवणारी आवक दोनऐवजी तीन धरतो. एवढ्याने बरं चालतं, पण ऑक्टोबरला अजून भाव फारच पडतो. दुसरं, पाच जणांत शेवटच्या दोन महिन्यांत सगळे तीन-तीन ओततात. त्यासाठी सप्टेंबर आणि ऑक्टोबरला पाच जणांत तीनऐवजी दोन बटणांची मर्यादा घालून बघणार आहोत. तसं केल्यावर साठा उरून शून्य होणाऱ्यांची संख्या वाढते का, ते पुढच्या नोंदीत.