वहीतले शब्द आणि बोटभर अंतर

माझा मुलगा सोळा महिन्यांचा झाल्यावर चालायला लागला. तोवर जीव टांगणीला लागला होता, पण डॉक्टरांनी समजावलं होतं की आधाराशिवाय चालणं साधारण ८ ते १८ महिन्यांत कधीही येऊ शकतं. तो चाललाही. त्यामुळे बोलण्याच्या बाबतीत मी निर्धास्त राहिले, नको तितकी. विसाव्या महिन्यातही ‘आई’ आणि ‘बा’ यांच्यापुढे गाडी सरकत नव्हती. घरातले म्हणायचे, “मुलगे उशिराच बोलतात, याचा बाबाही तसाच होता.” मला तेच ऐकायचं होतं.

तपासणीला जाताना शब्द लिहून ठेवलेली वही नेली. डॉक्टरांनी ती मिटून ठेवली आणि विचारलं, “बोट दाखवतो का?” हो, हवं ते मागायला. “मागायला नाही. नुसतं तुम्हाला दाखवायला?” मी आठवू लागले. संध्याकाळी दिवा लागला की तो दिव्याकडे बोट करायचा आणि लगेच वळून माझ्या तोंडाकडे बघायचा. हे मी रोज पाहत होते, पण वहीत कधी लिहिलं नव्हतं. बोलण्याआधीची ही पायरी शब्दांइतकीच मोलाची असते, हे मला त्या दिवशी कळलं. ऑटिझमची (स्वमग्नतेची) शक्यता पाहण्यासाठी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असलेली २० प्रश्नांची हो-नाहीची यादीही भरून घेतली. ती निदान करत नाही, पुढे नीट तपासायला हवं का एवढंच सांगते. त्यात काळजीचं काही निघालं नाही.

“हाक मारली की बघतो?” या प्रश्नाला मात्र मी अडखळले. कधी बघतो, कधी नाही. जन्मल्यावर कानाची चाचणी चांगली आली होती, म्हणून मी तो विषय कधीच बंद केला होता. पण ऐकणं नंतरही कमी होऊ शकतं, आणि याला तर सर्दी पाठ सोडत नव्हती. कानात छोटी नळी धरून हवेचा दाब बदलत पडदा तपासला. यंत्रावर डोंगरासारखी रेघ यायला हवी होती, ती दोन्ही कानांची सपाट आली. पडद्यामागे पाणी साचलेलं. बरेचदा ते आपोआप ओसरतं, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरलं. स्पीच थेरपी मात्र लगेच सुरू करायला सांगितली.

थेरपीत शिकले ती मीच. “हे काय? सांग ना, सांग!” हा माझा धोशा आधी बंद झाला. त्याच्यासमोर खाली बसायचं, एकच शब्द म्हणायचा आणि मनात दहापर्यंत मोजत थांबायचं. ते दहा आकडे फार लांब वाटतात. साबणाचे फुगे उडवून मी बाटलीचं झाकण लावायचे आणि गप्प बसायचे. चौथ्या आठवड्यात त्याने बाटली माझ्या हातात कोंबली, माझ्या ओठांकडे पाहिलं आणि म्हणाला, “फू.” हा शब्द धरायचा का, असं मी थेरपिस्टना विचारलं. दर वेळी त्याच अर्थाने म्हणत असेल तर धरायचा, म्हणाल्या.

तीन महिन्यांनी रेघेला डोंगर आला. त्यानंतर शब्द भराभर आले. दोन शब्द जोडणं दोन वर्षांच्या आसपास अपेक्षित असतं, आमच्याकडे सत्ताविसावा महिना उजाडला. रात्री मी खोलीतला दिवा मालवला आणि अंधारातून आवाज आला, “दिवा गेला.”

मी दिवा पुन्हा लावला, पुन्हा मालवला.