बधिर बोटं, घट्ट पकड

सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बाईचे हात पाहावेत. मांडीवर सूप, ओलसर पान, चिमूटभर तंबाखू, एक गुंडाळी, दोरा. पान कातरताना डोळे लागतात. वळताना नजर टीव्हीवर असली तरी चालते. हेच हात काही वर्षांनी बधिर होऊ लागले, हातातून सूप किंवा कात्री सुटू लागली, की ती म्हणते, ‘हातात बळच राहिलं नाही.’ स्नायू बहुतेकदा तेव्हा शाबूत असतात. आधी तुटते ती बोटांकडून मेंदूला जाणारी खबर, आणि बऱ्याचदा ती तुटते मनगटात नस दबल्यामुळे. या दुखण्याला कार्पल टनेल म्हणतात.

एका हाताच्या तळव्यात आणि बोटांत मिळून स्पर्शाचे सुमारे १७,००० चेतातंतू येतात. स्वीडनच्या रोलँड योहान्सन आणि योरान वेस्टलिंग यांनी १९८४ साली लोकांना एक लहान वस्तू चिमटीत उचलायला दिली. तिच्यावर कधी रेशीम, कधी मऊ चामडं, तर कधी काचपेपर. माणूस वस्तू निसटणार नाही इतकाच दाब देतो, वर थोडा राखीव ठेवतो. पृष्ठभाग गुळगुळीत निघाला तर साधारण दशांश सेकंदात दाब बदलतो, त्याचं त्यालाही कळत नाही. बोटं भूल देऊन बधिर केली, की घसरणीप्रमाणे पकड बदलेनाशी होते. अशा वेळी हात एकच उपाय करतो: गरजेपेक्षा घट्ट धरतो. विडीच्या पानाची ओल पानागणिक वेगळी असते, म्हणजे हा हिशेब दिवसाला शेकडो वेळा चुकतो. जास्त दाब म्हणजे स्नायुबंधांवर, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्यांवर, जास्त ताण, आणि मनगटात दबलेल्या नसेची जागा तर त्यांच्यातच.

ही खबर मुळात तयार कशी होते, ते बरंच अलीकडे कळलं. आर्डेम पटापूटियन यांच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये पिझो १ आणि पिझो २ ही प्रथिनं शोधली. पेशीचा पडदा ताणला गेला की ती उघडतात आणि विद्युतभार आत येतो. २०२१ चं नोबेल याच कामाला, डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत. पिझो २ चं जनुक जन्मतः निकामी असलेल्या दोन रुग्णांवरचा अभ्यास २०१६ साली आला. डोळे उघडे असताना ते चालू शकत. डोळ्यांवर पट्टी बांधली की तोल जाई. सांधा वर वळवलाय की खाली, हेही त्यांना न पाहता सांगता येत नव्हतं.

आता मनगट. तिथे खाली हाडं, वर जाड पट्टा आणि मधल्या बोगद्यातून नऊ स्नायुबंध व मेडियन नर्व्ह जाते. (आपण ‘नस’ म्हणतो तेव्हा रक्तवाहिनीही मनात येते, इथे फक्त चेतातंतूंची दोरी.) निरोगी हातात, मनगट सरळ असताना बोगद्यातला दाब साधारण २.५ मिलिमीटर पारा असतो, पूर्ण वाकवल्यावर ३० च्या आसपास. कार्पल टनेलच्या रुग्णात सरळ मनगटातच सुमारे ३२ आणि वाकवल्यावर ९० च्या वर. झोपेत मनगट मुडपतं, म्हणून मध्यरात्री मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं. झटकून बरं वाटणं ही फार बोलकी खूण आहे.

घरी दोन गोष्टी पाहता येतात. दोन्ही हातांची पाठ एकमेकींना लावून मनगटं ६० सेकंद पूर्ण वाकवा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू यांत मुंग्या आल्या तर संशय घ्या. करंगळी बधिर असेल तर शोध कोपराकडे किंवा मानेकडे. अंगठ्याच्या बुडाशी तळव्याची कातडी मात्र बधिर होत नाही, कारण तिची शाखा बोगद्याच्या अलीकडेच फुटते. तीही बधिर असेल तर कारण मनगटाच्या वर, हातात किंवा मानेत आहे.

नर्व्ह कंडक्शन तपासणीत, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो हे मोजताना, सगळ्यात नेहमीचा घोटाळा थंड हाताचा. उन्हातून येऊन एसीच्या खोलीत अर्धा तास बसलात, की हात गार पडतात. दर अंश सेल्सिअसमागे नसेचा वेग सेकंदाला सुमारे दोन मीटर घटतो आणि निरोगी हातही आजारी दिसू शकतो. कातडी ३२ अंशांवर हवी, नाहीतर हात गरम पाण्यात धरून मग तपासावं. तेल, क्रीम लावून जाऊ नये. अनामिकेवर मेडियन आणि अल्नर (करंगळीकडची नस) या दोन्ही नसांची तुलना आवर्जून करायला सांगा. मधुमेहात सगळ्याच नसा मंदावतात, तेव्हा एकट्या आकड्यावरून काही ठरत नाही.

सरसकट बी-१२ च्या गोळ्या हा आपल्याकडचा आवडता तोडगा. बी-१२ ची कमतरता असेल तर त्या हव्यातच, पण ती बधिरता सहसा दोन्ही पायांत सुरू होते. दबलेली नस गोळीने मोकळी होत नाही.

स्प्लिंट, म्हणजे मनगट सरळ धरणारा पट्टा, रात्री घालायचा, किमान सहा आठवडे. दुकानातल्या बऱ्याच स्प्लिंटमधली पट्टी मनगट २०-३० अंश मागे वाकवून ठेवते, आणि मागे वाकलेल्या मनगटातही दाब वाढतो. पट्टी काढून जवळजवळ सपाट करा आणि परत घाला. दिवसा भाकरी थापायला तळव्याच्या मनगटाकडच्या भागावर भार देणं टाळा. कडक भाकरीचं पीठ जास्त रेटायला लागतं, ते काम काही दिवस घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्यावं.

अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा दोन्ही हातांत ताडून पाहा. एक सपाट दिसला तर स्प्लिंटवर थांबू नका, शस्त्रक्रियेचं विचारा. सुरुवातीला दाबाने नसेचं मायलिनचं आवरणच बिघडतं आणि दाब सुटला की ते काही आठवड्यांत भरून येतं. रात्रीच्या मुंग्या म्हणूनच आधी थांबतात. आतला तंतूच मेला असेल तर तो नव्याने फुटून दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत १७-१८ सेंटीमीटर, म्हणजे सहा महिने.